तंगूसाची वाट

काकांनी कापसाचा बोळा घेतला, चिमटीत पिळून त्याची वात केली आणि माझ्या रॉडच्या शेंड्यावरच्या रिंगमधून ती आरपार ओढली. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग रॉड माझ्यापुढे धरला. "बघ." मला काही दिसेना. त्यांनी तो दिव्याखाली नेला. रिंगच्या आतल्या कडेला कापसाचा एक तंतू अडकून राहिला होता. केसाहून बारीक, पंख्याच्या वाऱ्यावर हलत होता.

"तुझा मासा इथं तुटला," काका म्हणाले.

तो मासा गेला त्याला तेव्हा पंधरा दिवस झाले होते. पवना धरणाच्या फुगवट्यावर, तिकोन्याच्या बाजूला, ऊन कलतीला लागलेलं. रॉड एकदम वाकला आणि रीलवरून तंगूस असा सुटला की बोट लावायची सोय नव्हती. चाळीस-पन्नास हात गेला असेल, आणि मग काहीच नाही. हात एकदम हलका. त्या हलकेपणाची आठवण अजून पोटात गोळा आणते. गाठ सुटली असती तर तंगूसाचं टोक पिळलेलं, वेटोळं दिसलं असतं. हे टोक कुसळासारखं विसकटलेलं होतं. मासा हातून गेल्याचं मला फार वाटत नाही, पाण्याचं देणं पाण्यात राहिलं. पण तो तोंडात गळ आणि मागे तंगूसाचं शेपूट घेऊन हिंडत असणार, हे मात्र झोपू देईना. म्हणून मी कामशेतला काकांकडे गेलो होतो. आमच्या भागात कुणाचा रॉड मोडला, रील अडकलं की तो माणूस त्यांच्याच ओट्यावर येऊन बसतो.

एवढ्याशा तंतूनं मला वेडं केलं. वीस वर्षं मी गळ टाकतोय. आधी चिव्याची काठी, मग बाजारातला रॉड. गळ कुठल्या नंबरचा, तंगूस किती किलोचा, आमिष कणकेचं की गांडुळाचं, यावर रात्ररात्र वाद घातलेत. आणि त्या काठीवर ओळीनं बसवलेल्या कड्या? त्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या! तंगूस काठीला धरून राहावा म्हणून लावलेल्या असतात, एवढंच माझं ज्ञान. काकांनी त्या दिवशी मला नवा कोरा ब्लँक दाखवला. ब्लँक म्हणजे नुसती काठी, कार्बनची, पोकळ, सात फुटांची, मूठ नाही, कडी नाही. म्हणाले, "ही घेऊन जा. कड्या तूच निवड, तूच बसव. आयतं मिळालं की माणूस बघत नाही."

घरी आलो आणि पहिला प्रयोग केला तो शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याच्या रिळावर. कृपा करून तुम्हीही करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. रीळ पेन्सिलीत ओवून दोरा बाजूनं ओढा. रीळ फिरतं, दोरा सरळ येतो. आता तेच रीळ घट्ट धरा, फिरू देऊ नका, आणि दोरा त्याच्या काठावरून, टोकाच्या दिशेनं झटक्यात ओढा. दोरा येतो तो गोल गोल, वेटोळी घालत! आपण ज्याला साधं स्पिनिंग रील म्हणतो त्यातून तंगूस अगदी असाच सुटतो. आणि मग कळलं की या रीलचा जन्मच गिरणीशी जोडलेला आहे. इंग्लंडात ब्रॅडफर्डला आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ नावाचे लोकरीचे गिरणीमालक होते. गिरणीत दोरा बॉबिनच्या टोकावरून सुटताना ते पाहत. त्यावरून त्यांनी न फिरणाऱ्या स्पूलचं रील केलं आणि 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनीपासून पवनेच्या काठापर्यंत! मी ते वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि मी घरातल्या सगळ्यांना उठवून सांगावं की काय, अशा अवस्थेत होतो.

आता पुढची गंमत बघा. वेटोळी घालत सुटलेला तंगूस शेवटी शेंड्यावरच्या सहा मिलिमीटरच्या कडीतून सरळ जायला हवा. रीलजवळची पहिलीच कडी लहान आणि बुटकी ठेवली तर वेटोळी तिच्यावर आपटतात, काठीला झोडपतात, गळ जवळच पडतो. फार मोठी ठेवली तर वेटोळी तशीच पुढं निघतात आणि पुढच्या कडीपाशी गर्दी करतात. म्हणजे काय हवं? नरसाळं! पहिल्या तीन कड्या मिळून एक नरसाळं करतात. पहिली मोठी आणि उंच पायांची, दुसरी तिच्या निम्मी, तिसरी लहानशी. तिसरीपाशी वेटोळं मेलेलं असतं, पुढं नुसती सरळ रेघ. माझ्या रॉडला 25, 12 आणि 6 नंबर बसले. नंबर म्हणजे रिंगच्या बाहेरच्या व्यासाचे मिलिमीटर, त्यामुळे तंगूसाला मिळणारं भोक त्याहून कमी असतं. हे सुरुवातीला मला माहीत नव्हतं आणि सगळा हिशेब दोनदा करावा लागला.

मग या तिघी नेमक्या कुठं? इथं मी खरोखर उभ्या उभ्या टाळी वाजवली. रील मुठीला लावलं की ते काठीला समांतर बसत नाही. त्याचं तोंड किंचित काठीकडे वळलेलं असतं. ते तसं मुद्दाम केलेलं असतं. आम्ही दोन खुर्च्यांच्या पाठींवर ब्लँक आडवा ठेवला, रील चिकटपट्टीनं बांधलं, स्पूलच्या बरोबर मधोमध दोऱ्याचं टोक धरलं आणि रीलचा दांडा ज्या दिशेला बघतोय त्याच दिशेनं दोरा ताणत नेला. दुसरं टोक मुलीच्या हातात. ती पुढं पुढं सरकत गेली, दोरा काठीच्या जवळ जवळ येत गेला, आणि एका ठिकाणी येऊन काठीला टेकला. तिथं खडूची खूण. ती तिसऱ्या कडीची जागा! जपानच्या फुजी कंपनीनं 'न्यू गाईड कन्सेप्ट' म्हणून जी पद्धत जगभर रुजवली, तिच्या मुळाशी हीच कल्पना आहे. कड्या बनवण्यात या कंपनीचं नाव काय आहे ते कुठल्याही गळकऱ्याला विचारा. दोरा न ताणता काही जण स्पूलच्या व्यासाला 27 नं गुणतात. माझा स्पूल 45 मिलिमीटरचा. 45 गुणिले 27, म्हणजे 1215 मिलिमीटर. टेप लावली. खडूच्या खुणेपासून तीन बोटांवर! कुणीतरी कुठंतरी कागदावर मांडलेला आकडा आणि आमच्या लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या घरातला शिवणाचा दोरा, दोघं एकाच जागी येऊन भेटले.

25 नंबरची कडी ताणलेल्या दोऱ्यालगत सरकवत नेली आणि दोरा तिच्या मधून जाईल अशी धरली. स्पूलपासून हातभर आणि वर चार बोटं. 12 नंबरची त्या दोघींच्या मध्ये, पण अगदी मधोमध नाही, शेंड्याकडे थोडी झुकलेली. पक्कं काहीच केलं नाही. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे कापले आणि त्यात कड्यांचे पाय खोचले. ही युक्ती काकांची. ट्यूब घट्ट धरते, पण बोटानं रेटलं की कडी सरकते. सायकलच्या दुकानात वितभर ट्यूब मागितली तर तो विचारतो, एवढी कशाला? त्याला रॉडवरच्या कड्यांबद्दल सांगता सांगता माझी वीस मिनिटं गेली.

पुढच्या कड्यांची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते तीच खरी. शेंड्याकडच्या कड्यांना वेटोळ्याची चिंता नसते. तिथं शत्रू एकच, वजन. काकांनी ते एका कणकेच्या गोळीनं दाखवलं. नुसता ब्लँक हातात देऊन म्हणाले, झटकून सोड. शेंडा दोनदा थरथरला आणि गप्प झाला. मग हरभऱ्याएवढी कणकेची गोळी मुठीजवळ चिकटवली. काही फरक नाही. तीच गोळी शेंड्याला लावली. झटकलं, आणि शेंडा हलतच राहिला. डुगूडुगू, डुगूडुगू. किती महागाचा कार्बन घेतला ते सगळं त्या हरभऱ्याएवढ्या कणकेनं पुसून टाकलं! चिलापी आमिषाला तोंड लावून बघते तेव्हा तो निरोप तंगूसातून शेंड्याला येतो. शेंडा जड असेल तर निरोप वाटेतच विरतो. म्हणून पुढं एका पायाच्या, लहानात लहान, हलक्या कड्या. मागे, जिथं ताण जास्त आणि काठी जाड, तिथं दोन पायांच्या. दोन पायांची कडी भक्कम खरी, पण तिच्या दोन पायांमधली काठी कमी वाकते. शेंड्याला ते चालत नाही.

किती कड्या? जुना ठोकताळा असा की फुटाला एक आणि वर एक. सात फुटांना आठ. मी आठ बसवल्या आणि रॉड खिडकीच्या गजाला बांधला. तंगूस सगळ्या कड्यांतून ओवून टोकाला अर्ध्या किलोची साखरेची पुडी टांगली. काठी वाकली. आता बघायचं ते काठीकडे नाही, तंगूसाकडे. काठीचा बाक गोल असतो. तंगूस कडीपासून कडीपर्यंत सरळ जातो. कड्या नेटक्या असतील तर तो बाकाला बिलगून जातो. कुठं अंतर जास्त पडलं तर तिथं तो धनुष्याच्या दोरीसारखा बाक सोडून आडवा जातो, आणि तेवढ्या पट्ट्यात काठी काम करत नाही, सगळा भार शेजारच्या दोन जागांवर येतो. पाचवी आणि सहावीच्या मध्ये मला ते डोळ्यांनी दिसलं! एक कडी वाढवली, बाकीच्या दोन दोन बोटं सरकवल्या, पुन्हा पुडी टांगली. आता बाक पाहावा तर कोयरीच्या टोकासारखा, कुठं खोच नाही. नऊ कड्या. त्या रात्री मी तो वाकलेला रॉड खिडकीत तसाच ठेवला आणि जेवताना मान वळवून वळवून बघत राहिलो.

आणि कडीच्या आतली रिंग कशाची घ्यायची? माझा मासा जिनं तोडला ती सिरॅमिकचीच होती. सिरॅमिक कठीण असतं तितकंच ठिसूळ. एसटीच्या दारात आपटली असेल, दगडाला टेकवून ठेवली असेल, कधीतरी बारीक चीर गेली. चिरेची कड पात्यासारखी होते. मासा नसताना काही कळत नाही. मासा धावला, ताणलेला तंगूस त्या कडेवरून घासत गेला की संपलं. इंग्रजांच्या काळात बांबूच्या उंची रॉडना पहिल्या आणि शेवटच्या कडीत अकीक बसवत, हे वाचून मी थक्क झालो. अकीक! अंगठीत असतो तो. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये जो थरांथरांनी साठतो तोच. दगड तोच निवडला कारण तो कठीण, गुळगुळीत आणि दोरीनं न झिजणारा. नुसत्या धातूच्या तारेच्या कडीला तंगूस हळूहळू खाच पाडतो. आज अकीकाची जागा ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि सिलिकॉन कार्बाइडनं घेतली आहे. सिलिकॉन कार्बाइडची मोठी गंमत म्हणजे ते उष्णता झटकन वाहून नेतं. मासा जोरात धावतो तेव्हा घर्षणानं रिंग तापते, आणि हल्लीचा विणलेला तंगूस, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात, तो पॉलिइथिलीनचा असतो. सुमारे 145 अंश सेल्सिअसला तो वितळतो. उष्णता एका जागी साचू न देणं हेही त्या कडीचं काम आहे! मी पहिल्या तीन आणि शेंड्याची अशा चार सिलिकॉन कार्बाइडच्या घेतल्या, मधल्या पाच ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या. सगळ्याच भारी घ्यायला हरकत नाही, पण घर्षण सर्वांत जास्त होतं ते शेंड्यावर, तिथं तंगूस मोडून वळतो. पैसे तिथं घालावेत. चौकट मात्र साध्या स्टेनलेसची. टायटॅनियम हलकं असतं आणि खारवत नाही, पण आपलं पाणी गोडं आहे, अलिबागचं नाही.

एवढं सगळं कुणासाठी, तर महासीरसाठी. आमच्याकडे कुणी खडचीही म्हणतं. कर्नल साइक्सनं 1839 मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला होता. नाव ठेवलं खुद्री, आपल्या लोकांच्या तोंडचं. आजही जगभर तो 'टॉर खुद्री' आहे. धरणं झाली, वाटा तुटल्या, मासा आटला. मग लोणावळ्यात टाटांच्या वलवण तलावाकाठी 1970 च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची अंडी हातानं काढून, वाहत्या पाण्यात उबवून पिल्लं वाढवली. ज्या तलावाचं पाणी खोपोलीच्या वीजघरात उतरतं, त्याच्याच काठावर हे झालं. मी त्या रस्त्यानं हजार वेळा गेलोय. देहूच्या डोहात गळ टाकायचा नाही हे आम्हाला शाळेआधी शिकवलेलं असतं, आणि दुसरीकडे कधी महासीर लागलाच तर तो पाण्यातच ठेवून गळ काढायचा आणि सोडायचा. पण सोडायला तो आधी हाताशी यायला हवा! चिरलेली कडी ते होऊच देत नाही. मासा वाचवायचा तर कडी चोख पाहिजे. ही गोष्ट मला आधी कुणी अशी सांगितली नव्हती.

बांधणीचं काय सांगू! कडीचा पाय आधी कानशीनं घासायचा, टोक सुरीच्या धारेइतकं पातळ होईपर्यंत. कारखान्यातून येतो तो पाय बोथट असतो. दोरा त्यावर चढताना पायरी पडते आणि फट राहते. खालची बाजूही घासायची, नाहीतर बारीकशी कुस कार्बनमध्ये रुतते आणि काठी एक दिवस तिथंच मोडते. मग दोरा. पहिले दोन फेरे स्वतःच्याच टोकावर, म्हणजे टोक अडकतं. पुढं एकाला एक लागून, एकावर एक चढू न देता, पायावर चढत जायचं. संपवताना आधी एक फास ठेवून त्यावर सहा-सात फेरे घ्यायचे, उरलेलं टोक फासात ओवायचं आणि फास ओढून घ्यायचा. टोक फेऱ्यांच्या पोटात नाहीसं होतं. गाठ कुठंच नाही! हे करताना मला एकदम लहानपणी आईबरोबर पटवेकऱ्याच्या दुकानात बसलेलो आठवलं. पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून ते मंगळसूत्र गाठवत, आणि दोऱ्याचं टोक कुठं गेलं ते मला कधीच सापडायचं नाही. पस्तीस वर्षांनी सापडलं.

मी गडद हिरवा रेशमी दोरा घेतला. कडेला चार फेरे हळदी पिवळ्याचे. एका पायाला पाऊण तास लागला. पहिला पाय तीनदा उसवला. तिसऱ्यांदा नखानं दोरा सारखा करत नेला तेव्हा फेऱ्यांमधली शेवटची फट मिटली आणि सगळं एकसंध, कापडासारखं दिसायला लागलं. तो क्षण काय होता म्हणून सांगू.

वर दोन भागांचं इपॉक्सी. दोन्ही अगदी सारखे मोजायचे, डोळ्यांच्या अंदाजानं नाही, सुईच्या पिचकारीनं. लोणावळ्याच्या पावसात ते लावू नये, हे मी आवर्जून सांगेन. इथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो, हवाच ओली असते, आणि इपॉक्सीवर दुधाळ साय धरते. मी दिवाळीनंतरची कोरडी दुपार गाठली. लावल्यावर ते ओघळू नये म्हणून काठी सतत फिरवावी लागते. आम्ही पाळ्या लावल्या. दर पाच मिनिटांनी अर्धा फेरा, संध्याकाळी सात वाजेपर्यंत. मुलगी अभ्यास करता करता काठी वळवत होती.

पण पक्कं करण्याआधीची एक सकाळ राहिली. कड्या अजून व्हॉल्व्ह ट्यूबमध्येच होत्या. काका आणि मी पवनानगरवरून फुगवट्यावर उतरलो. समोर तुंग, पाण्यावर धूर. गळ नाही, नुसतं शिशाचं वजन बांधलं आणि फेकलं. सूंऽऽ, आणि मध्येच फट् फट् फट्. काका म्हणाले, "दुसरी आपटतीय." 12 नंबरची एक बोट पुढं रेटली. पुन्हा फेकलं. फट् फट् कमी. अजून अर्धं बोट. काकांनी डोळे मिटून घेतले होते. मी फेकलं.

काहीच ऐकू आलं नाही. तंगूस गेला, गेला, जातच राहिला. आधीच्या रॉडनं मी ज्या वाळक्या झाडाच्या बुंध्याजवळ टाकायचो, ते झाड मागे पडलं आणि शिसं पलीकडे, खूप पलीकडे, टुबुक् करून बुडालं. आवाज आमच्यापर्यंत उशिरा आला. मी वळून काकांकडे पाहिलं. ते अजून डोळे मिटूनच होते. "परत टाक," म्हणाले. मी परत टाकला. मग परत. सूर्य डोंगरामागून वर आला तरी आम्ही नुसतं शिसं फेकत होतो. पिशवीतली कणीक तशीच वाळून गेली.

आता काकांच्या ओट्यावर दुसरा ब्लँक येऊन पडला आहे, साडेसात फुटांचा, बेटकास्टिंग रीलसाठी. त्यात रील वर बसतं, तंगूस वेटोळी घालत नाही, म्हणजे नरसाळं नको, उंच कडी नको! मात्र कड्या वरच्या बाजूला असल्यानं काठी वाकली की ताण तिला उलटी पिळायला बघतो. त्यावर उपाय म्हणून काही जण कड्या वरून हळूहळू वळवत खाली आणतात, वेल खांबावर चढावा तशा. पहिली वर, दुसरी किंचित बाजूला, तिसरी आणखी, चौथीपासून सगळ्या खाली. हे खरंच चालतं का? साखरेची पुडी टांगली तर तंगूस काठीला कुठं टेकेल? व्हॉल्व्ह ट्यूब मी आणून ठेवली आहे, या वेळी हातभर. रविवारी सकाळी सहाला काकांकडे पोचायचं ठरलंय.